दाराची किल्ली

प्रिय छोट्या,

तोंडावर बोलले की तू हसण्यावारी नेतोस, फोन केला की आवाज येत नाही म्हणतोस. म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस, माझी शाळा तुला कडेवर घेण्यात गेली.

तुझं पहिलं विमान आलं तेव्हा मीच पुसलं होतं. बाबांचं दुकान विकून आणलेलं. लोक हसले. मग तेच लोक आजारी सासऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला तुझ्या दारात उभे राहिले. नवरा-नवरी गेली, पुढारी गेले, कुणाचं तरी कुत्रं एकटंच ऐटीत गेलं. त्याचे केस अजून विमानाच्या गादीत सापडतात मला. दुसरं विमान आलं, ऑफिसात सोफा आला, आणि सोफ्यापाठोपाठ तो गोडबोल्या भागीदार. "ताई, तुम्ही तर कंपनीची आई" म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता गिऱ्हाईक आटलं. दुसरं विमान दुरुस्तीला उभं आहे, असं तू सांगतोस. अरे, दुरुस्ती म्हणजे काहीतरी बसवायचं ना? याचं तर नुसतं काढूनच नेतायत. आधी खुर्च्या, मग चाक, आता नाकावरचा पंखा. ते सगळं तुझ्या उडत्या विमानाला चिकटवतात, मी काय आंधळी आहे? जुना मेकॅनिक भांडून गेला, जाताना चहाचा कपसुद्धा घेऊन गेला. नवा आहे तो विमानाकडे पाठ करून तपासणीच्या कागदावर सह्या ठोकतो.

आणि तुझा भागीदार? पूर्वी प्रत्येक फेरीत काळा चष्मा लावून तुझ्या शेजारी ठाण मांडायचा, फुकटात. हल्ली तू विमान नेतोस त्याच गावाला तो मोटारीने जातो. विचारलं, तर म्हणे विमानात कान दुखतात. मोटारीत ठणाणा गाणी लावतो तेव्हा नाही का दुखत? तुला हे दिसायचं नाही, तू वर असतोस.

उद्या सकाळच्या फेरीला विमानाच्या दाराची किल्ली शोधशील. शोधू नकोस. तुझी तू केव्हाच हरवलीस; पुसायला म्हणून दिलेली माझ्या कनवटीला आहे, आणि मागून मिळणार नाही. भागीदाराला दाराशी आण, म्हणावं, चल, शेजारी बस. तो चढला तर मी किल्ली देते, वर स्वतः मागे बसते. कान दुखतात म्हणाला, तर उद्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हण आणि सरळ घरी ये. जेवायला वाढते.

चिडलास तरी तुझीच,
ताई