ओढ्याकाठचा पहिलीचा वर्ग

अहो,

तुमचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, आता कागदावर तरी कसं घेऊ? 'अहो'च म्हणते. जिथे असाल तिथून वळून बघाल ना?

आज हौसाबाईंच्या खळ्यावर जे घडलं, ते सांगायला मला दुसरं माणूस नाही. घरी आले, भात टाकला, शिजला तसाच झाकून ठेवला. अजून अंगणात ऊन आहे, तोवर लिहिते.

आधी भांडते. भर श्रावणात कुणी पोरांना ओढ्यावर नेतं का? खेकडा फळ्यावर काढता आला नसता? तुमचा हात चित्राला किती गोड होता! पण तुमचं आपलं एकच, "ज्या महिन्यात जे समोर दिसतं, तेच पहिलीचं पुस्तक." आषाढात फुटक्या मडक्यात वाल रुजत घालायचे आणि कोंब किती वाढला ते रोज पेन्सिल लावून बघायचं. श्रावणात खेकड्याचे पाय मोजायचे. भादव्यात गणपतीची उरलेली माती मळून अक्षरं वळायची. माघात ओट्यावर ऊन खात चिंचोक्यांच्या बेरजा, आणि फाल्गुनात पळसाच्या फुलांचा रंग काढून पाट्यांच्या चौकटी रंगवायच्या. मी म्हणायचे, "ही शाळा आहे का रान?" तुम्ही हसून म्हणायचात, "पोरांना अजून त्यातला फरक कळत नाही. मी कशाला कळू देऊ?"

त्या दिवशी इथे लख्ख उघडीप होती. वर डोंगरावर कोसळतोय हे खाली कुणाला ठाऊक? "ताक ठेव गं, येतोच," म्हणून तुम्ही पोरांची रांग घेऊन निघालात. लोंढा आला तेव्हा सगळी पोरं काठावर चढली होती. एकटी हौसाबाईंची ठकू मागे राहिली होती, दगडाखाली हात घालून. तिच्यासाठी तुम्ही परत उतरलात.

ठकू सापडली जांभळीच्या मुळीला मिठी मारलेली. तुम्ही सापडलात दुसऱ्या दिवशी, खाली धरणाच्या पाण्यात. मला तुमचं तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही हो कुणी!

पुढे गावकरी आले. म्हणाले, "बाई, तुमी सातवी फायनल झालेल्या हाय. नवा मास्तर येईस्तवर पोरांना बगा." मी हो म्हटलं. घरात बसून करणार तरी काय होते? शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. माणूस भला, माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "बाई, यापुढे वर्ग उंबऱ्याबाहेर जायचा नाही." मीही तेच ठरवलं होतं. तक्ता टांगला आणि सुरू केलं, क कमळाचा. आपल्या पोरांनी कमळ कुठे बघितलंय?

गणप्या एकदा उठून म्हणाला, "बाई, गुर्जी भादव्यात माती आनायचं. आपुन कवा आनायची?" मी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडले! मग शाळेमागे जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबला. तेव्हापासून पोरं काही विचारत नाहीत. पाटीवर गिरवतात आणि दाराकडे बघतात. एकेक करून यायची थांबली. कुणी गुरांमागे, कुणी कापणीला. तुमचा वर्ग माझ्या हातातून असा निसटत होता आणि मी नुसती बघत होते.

ठकू तर त्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. बोललीही नाही, आईशीसुद्धा. पाणवठ्यावर बायका तिच्यादेखत म्हणायच्या, "हिच्यापायी मास्तर गेलं." सहा वर्षांची पोर ती! मी तसं कधी म्हटलं नाही. पण खरं सांगू? ती दिसली की मी तोंड फिरवायचे. तुम्ही तिच्यासाठी परत वळलात. माझ्यासाठी एकदा वळायचं होतंत. घरी मीही होते ना?

परवा कानावर आलं की कापणी उरकली की हौसाबाई तिला घाटाखाली मामाकडे धाडणार. शेरडं राखायला, कायमची. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग मनात आलं, ती अशी मुकी, परक्या घरी, जन्मभर शेरडांमागे जाणार असेल, तर तुम्ही गेलात कशासाठी?

आज सकाळी जी मूठभर पोरं आली, त्यांना घेऊन मी उंबरा ओलांडला. दिपोटीसाहेबांना काय करायचं ते करोत. थेट हौसाबाईंच्या खळ्यावर गेले. आंबेमोहोराची झोडणी चालली होती, वास सगळीकडे भरून राहिला होता. कार्तिकात तुम्ही पेंढ्याच्या काड्यांची अक्षरं मांडायला लावायचात ना? पोरांना तेच सांगितलं. ती जी तुटून पडली काड्यांवर! इतक्या महिन्यांनी त्यांचा गलका ऐकला आणि मला तो सोसेना.

हौसाबाई हात जोडत धावत आल्या. "बाई, तुमी कशाला आला हितं? या कार्टीपायी तुमचं कपाळ पुसलं. म्या कंच्या तोंडानं तुमच्या म्होरं उभी ऱ्हाऊ?"

ठकू पेंढ्याच्या गंजीआड बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. किती वाळलीय हो! समजूत घालावी म्हणून गेले होते. पण अचानक तोंडून निघून गेलं, "ठकू, गुरुजी तुला काही बोलले होते का गं?"

पुन्हा पेंढी झोडायला घेतलेल्या हौसाबाईंचा हात वरच्या वर थांबला. मग ठकूचे ओठ हलले. आवाज असा, की जणू खोल विहिरीतून येतोय.

"म्हनलं, मुळी धर. सोडू नगंस."

मी तिचा हात धरला.

"म्या म्हनलं, गुर्जी, तुमी बी धरा. त्यांनी मला वर ढकललं. मंग दिसलं न्हाईत."

हौसाबाईंच्या हातातली पेंढी खाली पडली. आधी ठकू रडली, का मी, ते आठवत नाही. पोरं काड्या टाकून भोवती येऊन उभी राहिली. गणप्या तर माझा पदर धरूनच उभा होता.

मला शांत वाटलं असं मी लिहिणार नाही. तुम्हाला खोटं चालायचं नाही. तुमचे ते शेवटचे शब्द ऐकले आणि तुम्ही आजच गेलात असं वाटलं. भीती वाटली होती का हो तुम्हाला? थंड होतं का पाणी? माझी आठवण आली का? हे मी कुणाला विचारू? ठकूला ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं.

मी हौसाबाईंना म्हटलं, "ठकूला घाटाखाली धाडू नका. ती माझ्या वर्गात बसेल."

"लोक काय म्हनतील, बाई?"

"मीच तिला आणली म्हटल्यावर कोण काय म्हणणार?"

पोरांना मी रानात नेईन, खळ्यावर नेईन. ओढ्यावर नेणार नाही. ते माझ्याकडे मागू नका, निदान इतक्यात तरी नाही. दुसरं एक वचन देते. उद्यापासून ठकूच्या दाराशी जाऊन मीच तिला शाळेत आणीन. मी गेले नाही तर ती येणार नाही, हे मला दिसतंय. म्हणजे मला रोज सकाळी उठावं लागेल. श्रावणापासून हेच जमत नाहीये हो, डोळे उघडले की पुन्हा मिटून घ्यावेसे वाटतात. पण उठेन. आज तेवढंच कबूल करते.

तुमची,
इंदू