ओर्लाला मी मरू दिलं नाही

२ फेब्रु., सोम.
सुनेला, प्रणालीला, घरी आणून दोन दिवस झाले. डावा डोळा. आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करून गॅसचा फुगा भरलाय, तो पडद्याला दाबून धरणार म्हणे. त्यासाठी दहा दिवस तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, बोलायचं तेही फरशीशी. दिसेल का विचारलं तर डॉ. म्हणाले, "बघू." या लोकांना 'बघू'शिवाय दुसरा शब्द येत नाही.

उशा रचून रचून प्रणालीची मान मोडायची वेळ आली. संध्याकाळी समोरच्या हंसाबेन (खाली यांचंच पार्लर) दोन माणसं घेऊन आल्या आणि मसाजचं टेबल सरळ आमच्या हॉलमध्ये! तोंडाच्या जागी भोक. "मासी, जब तक चाहिए रखो. मेरे कस्टमर कुर्सी पे बैठेंगे." मी नुसती मान हलवली. जेसल पार्कात आल्यापासून या बाईशी मी फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोलत आलेय.

३ फेब्रु.
प्र.ला वाचायला बंदी, मोबाईल बघायला बंदी. तिची ती परीलोकाच्या दरबारांची पुस्तकं, पाच जाड ठोकळे. चार झाली, पाचवं अर्ध्यावर. "आई, शेवट कळल्याशिवाय मला चैन नाही पडणार." डोळ्याचं काही नाही, हिला शेवटाची पडलीय!

माझ्या लेकाने, निखिलने, मोबाईलवर वाचून दाखवणारी बाई लावून दिली आणि पळाला ऑफिसला. दुपारी हंसाबेन ढोकळा घेऊन दारात, आणि ती बाई नेमकी राजपुत्राच्या शयनगृहात. काय ते उसासे, काय ते श्वास! बंद करायला गेले तर आवाज वाढला. हंसाबेन म्हणतात, "मासी, कौन सी सीरियल है?" प्र. भोकातून हसतेय, टेबल गदगदा हलतंय. हसू नको म्हणून ओरडले तर आणखीच.

बाईची हकालपट्टी. उद्यापासून मी वाचणार. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या तक्रारी इंग्रजीत उतरवून घेतल्या, पऱ्या काय जड आहेत! डोळ्याने इंग्रजी, तोंडाने मराठी.

४ फेब्रु., बुध.
वीस पानं. घसा बसला.

मागची गोष्ट प्र.ने सांगितली. मेणबत्त्या करणाऱ्याची पोर, इरिन. परीलोकात, काट्यांच्या दरबारात तिला धरून नेलंय. तिथला राजपुत्र, डोक्यावर शिंगं. मी त्याला शिंगवालाच म्हणते. दिसायला देखणा, वागायला आमच्या जुन्या साहेबासारखा, म्हणजे आल्या-गेल्यावर डाफरणार. मला पटलेलं माणूस एकच, मुदपाकखान्यातली म्हातारी ओर्ला. शिंगवाल्याला हिनेच लहानाचं मोठं केलं. परक्या घरात पडलेल्या त्या पोरीच्या पाठीशीही हीच एकटी. प्र.चाही तिच्यावर जीव.

नको ती पानं आली की मी म्हणते, "आणि मग सकाळ झाली." आज तीनदा झाली. प्र.: "आई, काय हो, यांच्याकडे रात्र होतच नाही का?" गप पड म्हटलं. तिला माझं तोंड दिसत नाही ते एक बरं.

५ फेब्रु.
प्र.ने परीलोकाचे दोन कायदे समजावले. एक, तिथे कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत, मानले की जन्मभर त्याचे बांधील. दोन, तिथल्या माणसांना खोटं बोलता येत नाही. लपवता मात्र येतं.

पहिला कायदा आमच्या घरातही आहे म्हटलं. ही सारखी थँक्यू आई, थँक्यू आई. पाणी दिलं थँक्यू, पाठ चोळली थँक्यू. घरात कसले आभार? परक्यासारखं वाटतं.

दुसऱ्या कायद्यावर काही बोलले नाही.

६ फेब्रु.
लिहूनच टाकते एकदाचं.

संक्रांतीच्या सुमारास प्र. म्हणाली होती, "आई, डोळ्यासमोर काळे धागे तरंगतात. कडेला वीज चमकल्यासारखं होतं." मी काय म्हणाले? "चोवीस तास पुस्तकात डोकं, दुसरं काय होणार! गुलाबपाणी घाल." आठ दिवस मीच घातलं, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, आणि वर पुस्तकं उचलून कपाटात टाकली. नवव्या दिवशी तिला अर्ध्या डोळ्यावर काळा पडदा.

डॉ.नी विचारलं, "इतके दिवस थांबलात का?" प्र. म्हणाली, "माझ्याच लक्षात आलं नाही." माझं नाव घेतलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर. मीही घेतलं नाही.

बत्तीस वर्षांची पोर. डोळा गेला तर

७ फेब्रु., शनि.
गोची झाली. वाचता वाचता पुढच्या पानावर नजर गेली, तर ओर्ला मरतेय. इरिनला पळायला वेळ मिळावा म्हणून दरवाजा अडवून उभी राहते आणि तिथेच संपते. माझेच डोळे भरले. आता हे हिला कसं सांगू? रडली, डोळा चोळला, तर? हॉस्पिटलच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, चोळायचा नाही.

नाही मारली. "ओर्ला जखमी झाली," म्हटलं, "पण वाचली." प्र.ने एवढा मोठा सुस्कारा सोडला. बरं केलं मी.

८ फेब्रु., रवि.
निखिल घरी होता म्हणून सकाळी विहारात जाऊन आले. वंदना, पंचशील. पाणातिपाता, अदिन्नादाना, सगळं तोंडपाठ. चौथ्याला, मुसावादाला, जीभ अडखळली. खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणे! घरी जाऊन मेलेल्या बाईला पुन्हा स्वयंपाकाला लावायचंय.

९ फेब्रु.
एक थाप मारली की दहा माराव्या लागतात. पुस्तकात ओर्ला नाही, माझ्याकडे आहे. मग तिला काम नको द्यायला? आज तिने शिंगवाल्याला झापलं, इरिनला पेज करून दिली आणि बोंबील तळले. प्र.: "परीलोकात बोंबील?" "नदी आहे ना तिथे." "बोंबील नदीत?" फिरून वाचते म्हटलं आणि पान उलटलं.

दोष मुर्धा गावाहून मासळी घेऊन येते त्या मावशीचा. सकाळी दारात विचारलंन, "सुनंचा डोला कसा हाय?" आणि चार बोंबील जास्तीचे टाकले टोपात. नको म्हटलं तर, "तुला न्हाय गं, तिला." डोक्यात तेच घोळत होते.

किती माणसं या पोरीसाठी धावतायत. मी इथे वहीत लिहून ठेवते, तोंडाने कुठे म्हणता येतं.

१० फेब्रु., मंगळ.
पकडले गेले.

इरिन राजवाडा सोडून निघते. माझी ओर्ला दारापर्यंत आली. पुस्तकात यातलं काही नव्हतं, मी बोलत गेले. म्हणाली, "पोरी, तू आलीस आणि या घराला घरपण आलं. तुझे आभार मानते मी."

भोकातून आवाज. "आई. ओर्ला आभार नाही मानणार."
"का बरं?"
"परी आहे ती. मरेल पण मानणार नाही." मग थांबली. "मेली ना ती, आई?"

पुस्तक मिटलं. मेली म्हटलं, शनिवारीच मेली. आणि मग थांबताच येईना. गुलाबपाणी मी घातलं. आठ दिवस मी घालवले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू आळ अंगावर घेतलास आणि मी पदर सावरत बसून राहिले. तुझ्या डोळ्याचं काही झालं तर ते माझ्यामुळे. सगळं बोलले. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलू शकले, नाहीतर धीर झाला नसता.

टेबलाखालच्या फरशीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

"राग आला होता आई. अजून आहे थोडा. गुलाबपाण्याचा नाही, ते माझी आईसुद्धा घालायची. तुम्ही गप्प बसलात, त्याचा."

हो म्हटलं.

मग म्हणाली, "आता ओर्लाचं मरण नीट वाचा. एक शब्द गाळायचा नाही." मागे जाऊन वाचलं, सगळं. दोघी रडलो. चोळू नको गं म्हटलं, तर म्हणे, "हात कुठे पोचतोय!"

निखिल आल्यावर त्यालाही सांगितलं. घास हातात तसाच राहिला त्याचा. "आई, अगं..." एवढंच. थोड्या वेळाने माझ्या ताटात आमटी वाढलीन. आज जेवण गेलं मला, कितीतरी दिवसांनी.

११ फेब्रु.
तपासणी. पडदा चिकटलाय! प्र.ला आता सरळ बसायला परवानगी. नजर किती येईल ते फुगा विरेपर्यंत सांगता येणार नाही, महिना, दीड महिना. "बघू." आज तो शब्द गोड लागला.

थांबण्याचं कारण मी होते, हे डॉ.ना सांगितलं. त्यांनी मान वर न करता, "पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी या," म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली. मी रात्रंदिवस कुढत बसले होते, त्यांना एवढा वेळही नव्हता.

टेबल परत केलं. पार्लरमध्ये जाऊन सगळ्या बायकांसमोर हंसाबेनचा हात धरला आणि थँक्यू म्हटलं. "अरे मासी, रो क्यों रही हो?" म्हणत त्याच रडायला लागल्या. एका कस्टमरच्या भुवया अर्ध्या राहिल्या.

१२ फेब्रु.
पाचवं पुस्तक संपलं. इरिन आणि शिंगवाला एकत्र, दरबार मोडीत. प्र.ला शेवट आवडला नाही! एवढा घसा मी उगाच फोडला म्हणायचा. मला आवडला. त्या पुस्तकांना मी काय काय बोलले होते, आणि त्यांच्यामुळेच ही पोर माझ्याशी दहा दिवस बोलत राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. पहिलं आता माझ्या उशाशी आहे. प्र. म्हणते, "सकाळ न करता वाचा." बघू.

प्र., तुझे आभार. घरात म्हणायची पद्धत नाही, म्हणून इथे.

१३ फेब्रु., शुक्र.
दुपारी प्र. खिडकीशी बसली होती. उजवा डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाली, "आई, काहीतरी वर धरा. खाली तो फुगा पाण्यासारखा डुलतो, पण वरच्या बाजूला थोडं काहीतरी आहे."

दोरीवरून हाताला लागली ती ओढणी ओढली आणि उंच धरली. ती बघत राहिली.

"हिरवी?" केवढ्या आशेने विचारलंन.

निळी होती. हो म्हणायला माझी जीभ वळलीसुद्धा.

"नाही गं," म्हटलं. "निळी."

"बरं." तळहात पुन्हा नीट दाबून धरला. "हात खाली नका घेऊ, आई. परत बघते."