साडेचार पौंडांचे लेकरू

ज्या करुणेला आपले आणि परके असा भेद ठाऊक नाही, तिला प्रथम वंदन.

बेलापूर,
श्रावण पौर्णिमा, १९९७

प्रिय सीमा,

तुझे पत्र पोचले. तुला सातवा महिना लागला हे ऐकून तुझ्या आईने चुलीपाशीच हात जोडले. पत्रातल्या पुढच्या ओळी मात्र मी तिला वाचून दाखवल्या नाहीत.

चैत्रात तुझा दादा गेला. त्याच्या इंजेक्शनांचा डबा अजून कोनाड्यात तसाच आहे. अडतीस हे काय हृदय थांबण्याचे वय? शेवटच्या आठवड्यात नगरच्या दवाखान्यात त्याने मला विचारले होते, “अण्णा, आपल्यात कुनालाच साखर न्हवती, मग मलाच कशी?” मी पांघरूण सारखे करत राहिलो. त्याच सकाळी डॉक्टरांनी मला त्याचे जन्मवेळचे वजन विचारले होते. ते मला तोंडपाठ होते. साडेचार पौंड.

धम्म स्वीकारून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि नव्या वाटसरूची घाई माझ्या अंगात होती. तुझा दादा सम्राट पोटात असताना वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तिन्ही महिने मी तुझ्या आईला अष्टशील, हे आठ नियमांचे व्रत, पाळायला लावले. दुपार टळली की अन्नाचा कण नाही. दिवसभर खुरपणी करून आलेली ती एका संध्याकाळी हळूच म्हणाली, “आवो, पोटात लई कालवतंय. चतकोर भाकर खाऊ का?” मी तिला शीलाचे माहात्म्य सांगितले. पुन्हा तिने कधी विचारले नाही. बाळंतपणात सुईण गोजरबाई हसली होती, “गुरुजी, ह्ये लेकरू हाय का ससुलं?” आणि मी, सीमा, अभिमानाने सांगितले होते की हे शीलवंत आईचे लेकरू आहे.

डॉक्टर म्हणाले, आईच्या पोटात उपाशी राहिलेले शरीर काटकसर शिकते. पुढे पोटभर मिळू लागले की तेच त्याला झेपत नाही. असे प्रत्येकाचे होतेच असे नाही, पण साखरेचा धोका वाढतो. माझे समाधान व्हावे म्हणून ते पुष्कळ बोलले. मला मात्र ती चतकोर भाकरीच आठवत राहिली. देह झिजवणे सोडून तथागतांनी सुजातेची खीर स्वीकारली, हे मी शेकडो वेळा प्रवचनात सांगितले. ते माझ्या घराच्या उंबऱ्याआत कधी आले नाही.

आणि आता तू लिहितेस की दादाच्या पुण्यानुमोदनासाठी, त्याला पुण्य लाभावे म्हणून, तूही हा वर्षावास अष्टशीलाने पाळते आहेस, दुपारनंतर काही खात नाहीस, अण्णांना बरे वाटेल. बाळ, अण्णांना बरे वाटत नाही. आजच हे व्रत सोड. उद्या तुझी आई शेंगदाण्याचे लाडू घेऊन केडगावला येत आहे. हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवतो आहे. तिला वाचता येत नाही. चैत्रापासून जे मी तिला सांगू शकलो नाही, ते तू तिला वाचून दाखव. मग दिवस मावळल्यावर दोघी मिळून पोटभर जेवा.

हे वाचणाऱ्यांचे, ऐकणाऱ्यांचे, जन्मलेल्यांचे आणि जन्माला येऊ पाहणाऱ्यांचे मंगल होवो. कुणाच्याही उदरी कुणी उपाशी न राहो.

तुझाच,
अण्णा