मी आईच्या वळणावर गेलोय

४ जानेवारी, सकाळ
आजपासून चिडायचं नाही. ठरलं. क्लच न दाबता गिअर टाकणाऱ्या शिकाऊ बाईंनासुद्धा हसून समजावणार. मी मुळात शांत माणूस. लोक चिडायला लावतात.

त्याच दिवशी, दुपार
बाईंनी ड्रायव्हिंग स्कूलची नवी गाडी कचराकुंडीला टेकवली. संकल्प उद्यापासून.

९ जानेवारी
लायसन्स रिन्यूअलसाठी डोळे तपासायला गेलो. नुसता नंबर सांगायचा, तर डॉक्टरीणबाईंनी ड्रॉप्स घालून डोळ्याच्या आतला फोटोच काढला. स्क्रीनवर लालभडक गोळा, त्यावर शिरांचं जाळं. म्हणे, शिरा बारीक झाल्यात, फार नागमोडी आहेत, बीपी आणि हृदय तपासून घ्या. म्हटलं, मी डोळे घेऊन आलोय, हृदय घरी आहे. हसल्या नाहीत. घरात कुणाला हार्टचा त्रास? या शिरांची ठेवण बरीचशी रक्तातूनच येते म्हणे. ठणकावून सांगितलं, वडील बावन्नाव्या वर्षी हार्टनं गेले, दादाची बायपास झाली, पण ते दोघे तापट. मी आईच्या वळणावर गेलोय. बाहेरचा पेशंट दार उघडून बघून गेला. लोकांना मॅनर्स नाहीत.

१० जानेवारी
ही पण म्हणते, दाखवून घ्या. घरातच फितुरी! रागानं जेवलो नाही. नंतर जेवलो, पण रागातच.

१५ जानेवारी
दुसऱ्या डॉक्टरकडे फोटो काढला. पहिल्या मशीनमध्ये बिघाड असणार याची खात्री होती. याच्याही मशीनमध्ये तोच बिघाड निघाला. एकाच कंपनीची असणार.

१८ जानेवारी
दादाला फोन करून झापलं, तुमच्यामुळे माझ्यावर संशय घेतायत. तो म्हणाला, गाढवा, तपासून घे. म्हटलं, ओरडू नकोस. म्हणाला, तूच ओरडतोयस. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, दोघंही. फोन स्पीकरवर नव्हता.

२३ जानेवारी
लिफ्ट न घेता चार मजले चढलो. हृदय ठणठणीत. तिसऱ्यावर दहा मिनिटं बसलो ते बिल्डिंगचं प्लॅस्टर बघायला. काय भिकार काम केलंय! छातीत जरा दडपण. ॲसिडिटी.

२७ जानेवारी
मुलगी परस्पर त्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. मोबाईलवर स्वतःच्या डोळ्याचा फोटो दाखवला. तीच वळणं. वय सव्वीस, बीपी आत्ताच वाढलेलं. पोरगी डिट्टो माझ्यावर गेलीय, हे गावभर मीच सांगत फिरलो होतो. म्हणाली, बाबा, तुमच्या तपासणीत काय निघतं त्यावर माझं पुढचं ठरेल. तुम्ही नाही गेलात तर मीही जाणार नाही.
ओरडायला तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं ते ठरेना. मिटलं.

२८ जानेवारी
तिनं गाडी चालवली. तीन चुका केल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.
हार्टच्या डॉक्टरांनी विचारलं, छातीत दडपण वगैरे? ॲसिडिटी म्हणणार होतो. मुलगी बघत होती. खरं सांगितलं. तिथल्या तिथे ॲडमिट करून घेतलं, उद्या अँजिओग्राफी.
दादा आलाय. पार्किंगवरून बाहेर वॉचमनशी भांडतोय, इथवर ऐकू येतंय.
नर्स म्हणतात, लिहिणं पुरे, बीपी बघायचंय.
म्हटलं, आधी पोरीचं बघा.