पेन्सिलची फुली

तेरेझा क्रॉसिंग, नेब्रास्का
५ फेब्रुवारी १९६७

चि. आल्विनला,
लिबीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत कोलाचे, आपले खसखस भरलेले गोड पाव, पाठवलेत. गेल्या वेळी ऑफिसात वाटून टाकलेस म्हणे! लिंकनच्या लोकांना काय कळतंय, दातात खसखस अडकली म्हणून कुरकुरतील. एकट्यानं खा.

आता काळजीचं. होलुबनंही त्याचं शेत आपल्या शाळेच्या हद्दीतून काढून शेजारच्या मोठ्या शाळेच्या हद्दीत नेलं. नियम तुला ठाऊक आहेच. जमीन हद्दीला लागून असली आणि मालकानं अर्ज केला की झालं. मग तिच्यामागचं शेत हद्दीवर येतं. अशी चार शेतं गेली, आणि जमिनीबरोबर तिचा करही जातो. शाळा कमिटीची चिटणीस म्हणून एकेका मास्तरांना नारळ देणारी पत्रं मलाच लिहावी लागतात. आता हद्दीवर आली आहे बाबांची, म्हणजे तुझी जमीन. मागे सहा शेतं टपून बसलीत, पण ही हलत नाही तोवर त्यांना वाट नाही. तू ज्यांच्याकडे कारकुनी करतोस त्या आमदारांना म्हणावं, हद्दीचा तो नवा कायदा जरा लवकर आणा.

हे फोनवर बोलले नाही. आमच्या फोनच्या एकाच तारेवर अकरा घरं आहेत, आणि मी रिसीव्हर उचलला की ब्लाहा काकूंचा दमा ऐकू येतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती चार ओळींत तरी दिसू दे.

तुझी,
लिबीताई


लिंकन
२६ फेब्रुवारी १९६७

ती. ताईस,
आल्विनचा शि. सा. न. वि. वि.

कोलाचे एकट्यानं खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून बसलो. पाप तुझ्या माथी.

विधेयकाचा मसुदा माझ्याच हातचा आहे. एका मालकाच्या सहीनं हद्द हलायची नाही. त्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्यांनी मत द्यायचं, जमीन असो वा नसो. सुरुवातीलाच मी लिहिलंय की, ज्यांनी त्या शाळेची पायरी वर्षानुवर्षं चढली नाही, ते दूर शहरात बसून सही करतात आणि तिथल्या मुलांची शाळा उठते. आमदार म्हणाले, या वाक्याला हात लावू नकोस, मी हेच बोलणार. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

आपली जमीन कसतो त्या लॅडी झेमनचे खंडाचे कागद दरवर्षीसारखे १ मार्चच्या आत आले. सहीच्या जागी पेन्सिलनं फुली करून पाठवतो बिचारा, त्यामुळे पाच मिनिटांत उरकतं. परत धाडलेत, त्याला कळव.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
आल्विन


तेरेझा क्रॉसिंग
१३ मार्च १९६७

चि. आल्विनला आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारच्या सभेत आलेले अर्ज मी उभी राहून वाचत होते. तिसरा अर्ज बाबांच्या जमिनीचा निघाला. खाली तुझी सही. मी नाव वाचलं आणि खाली बसले. पुढचं दुसऱ्या कुणीतरी वाचलं.

दुसऱ्या दिवशी लॅडीकडे जाऊन ताडताड बोलले. तो गोंधळलाच. म्हणाला, मी लपवलं कुठे, कागदाला चिठ्ठी टाचली होती, माझ्या जोलीनला नर्स व्हायचंय, मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आहे, म्हणून हा अर्ज, पटलं तर सही करा असं लिहिलं होतं. त्याच्या पोरीसाठी तो धडपडतो, त्याला काय बोल लावू? तू फुली बघितलीस आणि चिठ्ठी बघितली नाहीस.

बाबांनी जमीन तुला दिली आणि घर मला. तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. आज मात्र जीव जळतो. मी इथे जन्म काढला आणि माझ्या सहीला किंमत नाही. तुझ्या त्या वाक्यातला माणूस तूच निघालास, आल्विन.

अर्जांची सुनावणी मंगळवारी २१ ला आहे. तोवर सही मागे घेता येते, जिल्हा कचेरीला तार केली तरी चालते. शनिवारी सहाला मी फोनपाशी बसते. अकरा घरांना ऐकू दे, पण फोन कर.

लिबीताई


लिंकन
१७ मार्च १९६७

ती. ताईस सा. न.

चिठ्ठी कागदाच्या मागे टाचलेली होती. मी पान उलटलंच नाही. तोंड दाखवायला जागा नाही मला.

आमदारांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, विधेयकाची सुनावणी गुरुवारी २३ ला आहे. तुमच्याकडच्या अर्जाकडे इथे कुणाचं लक्ष नाही, पण त्याआधी मी सही मागे घेतली तर बोभाटा होईल. कायदा लिहिणारा कारकूनच अर्जावर सही करून बसला म्हणून विरोधक टाळ्या पिटतील आणि विधेयक तिथेच मरेल. ते गेलं तर राज्यभरच्या शंभर शाळा उघड्या पडतील. एका बाजूला शंभर, एका बाजूला आपली एक. दोन रात्री झोप नाही.

उद्या फोन करणार नाही. तुझा आवाज ऐकला तर माझ्यानं राहवणार नाही. समजून घे, निदान प्रयत्न कर.

तुझा,
आल्विन


तेरेझा क्रॉसिंग
१८ फेब्रुवारी १९६८

चि. आल्विनला आशीर्वाद. वि. वि.

वर्षभर तुझी सहा पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. राग होता, आणि अजून सगळा गेलेला नाही.

त्या शनिवारी मी सहा ते साडेआठ फोनपाशी बसले होते. शेवटी ब्लाहा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, आम्हीसुद्धा वाट बघतोय गं.

पुढचं तुला कळलंच असेल. आपली जमीन त्या मंगळवारी गेली आणि नवा कायदा लागू व्हायच्या आधीच, कापणीच्या आत, मागची सहाही शेतं. तुझा कायदा झाला, चांगला झाला. गेल्या मंगळवारी आम्ही त्याच्याखाली पहिलं मतदान केलं. शाळा बंद करून उरलेली हद्द शेजारच्यांत मिळवायची की नाही, यावर. हद्दीत राहणाऱ्या सगळ्यांना मत होतं, माझ्यासारख्या बिनजमिनीच्यांनाही. चौदा पोरं आणि एकच मास्तरीण उरली होती. पोरांचं वाटोळं कशाला करायचं? मी बंद करा म्हणून मत दिलं. मोजणीही चिटणीस म्हणून मीच केली. तुला मत नव्हतं, तू इथे राहत नाहीस. ते कलम तूच लिहिलंयस.

जोलीनला मोठ्या शाळेत पहिला नंबर मिळाला. लॅडी सांगायला आला होता, दारातच उभा राहिला. मी त्याला आत बसवून कॉफी दिली.

ईस्टरला ये. कोलाचे करीन.

आणि १ मार्च जवळ आलाय. लॅडीचे कागद येतील. पान उलटून बघ.

तुझी,
लिबीताई