सोंगणीचे दोन दिवस

प्रिय सर,

परवा तुमच्या गावी, पिंपळगाव राजाला, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. "या सरांच्या पहिल्या कॅप्टन," अशी ओळखही करून दिली. मांडवभर माणसं, तुमचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. मी म्हटलं, "सर फार चांगले होते," आणि खाली बसले. एवढंच! मैदानावर माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून तुम्हीच ओरडायचात ना? तिथे जे निघालं नाही, ते कागदावर तरी निघतं का बघते.

परत आल्यापासून मी तरंगतेच आहे. भाकरी तव्यावर असते आणि मी मेहकरला, कॉलेजच्या मैदानावर. सकाळचं धुकं इतकं दाट की बास्केटबॉलचा बोर्ड दिसायचा नाही. बॉल वर फेकला की धुक्यात शिरायचा आणि पडला ते नुसतं आवाजावरून कळायचं. तुम्हीही दिसायचा नाहीत, फक्त तुमची शिट्टी. अजूनही डोळे मिटले की वाटतं, तेव्हाचा एखादा बॉल अजून खाली आलेलाच नाही.

ते मैदान म्हणजे तुमचाच खटाटोप! सिमेंट मिळालं नाही, तर तुम्ही खळं करतात तसं मैदान केलं. मुरूम टाकला, पाणी मारलं, चोपून काढला, वरून शेणानं सारवला. रिंग वेल्डिंगवाल्याकडून, बोर्ड कुठल्याशा जुन्या दाराच्या फळ्यांचा. माझे बाबा जानेफळहून बघायला आले आणि म्हणाले, "सर, इतकं झकास खळं केलं, अन् त्याच्यावर पोरी पळवून राह्यले काऊन?" किती हसला होतात तुम्ही!

सारवलेल्या जमिनीवर बॉल कमी उसळतो, म्हणून आम्ही तो जोर लावून आपटायचो. ही खोड तुम्हाला ठाऊक होती. म्हणून तर अमरावतीच्या स्पर्धेला दोन दिवस आधी जायचं तुम्ही ठरवलं होतं. तिथल्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांची जमीन, तिच्यावर आमचा हात बसायला हवा होता.

आणि मी काय केलं? सगळ्या मुलींच्या वतीनं तुमच्यासमोर उभी राहिले. "सर, घरोघरी सोयाबीनची सोंगणी लागली. दोन दिवस कोणालेच निघता येत नाही."

तुम्ही टोपी हातात फिरवलीत. मग म्हणालात, "बरं. सोंगून घ्या. मंग जाऊ."

सामन्याच्या दिवशी सकाळी पोचलो आम्ही. नखांत माती, बोटांना विळ्याच्या चिरा. पहिलाच बॉल आपटला तर थेट हनुवटीपर्यंत आला! स्वप्नात पळताना पाय उचलत नाहीत ना, तसं झालं सगळं. बॉल हाताला लागेचना. समोरच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. लाज जाईल असं हरलो.

प्राचार्यांनी आपल्या दोघांना बोलावून विचारलं, "असं कसं झालं?" कॅप्टन मी. मी म्हणाले, "सरांनी आम्हाला मातीवरच शिकवलं." सोंगणीबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पोरगी बरोबर सांगते. माझं चुकलं."

काऊन, सर? काऊन म्हणालात असं?

टीम तुमच्या हातून गेली. निवृत्तीपर्यंत तुम्ही खेळाच्या सामानाच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या खेळाडूंसाठी बॉलमध्ये हवा भरलीत, जाळ्या दुरुस्त केल्यात. ज्या कामासाठी तुमचा जन्म होता, ते माझ्या एका वाक्यानं संपलं. मी खिडकीसमोरून गेले की तुम्ही आतून हात करायचात. एकदा तरी रागवायचं होतं! निदान तोंड तरी फिरवायचं होतं!

परवा जेवणं झाल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मले ठाऊक हाय सारं. मी इचारलं होतं त्याईले, काऊन नाही सांगतलं म्हून. तर म्हणे, सोंगणीचं नाव काढलं असतं तर पुढच्या साली खेड्यावरची एकही पोरगी टीममध्ये घेतली नसती कॉलेजवाल्याईनं. माही टीम गेली तर जाऊ दे, म्हणे."

पुढच्या साली त्या टीममध्ये माझी धाकटी बहीण होती, सर. आणि मला तेव्हाही कळलं नाही!

घरी आले तर माझी लेक ऋतुजा सरावाला निघाली होती. ती आता आपल्याच कॉलेजात खेळते. मी सांगितलं, कुणाच्या कार्यक्रमाला गेले होते ते. बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "ते मातीवाले सर? ज्याईनं टीम हरवली ते?" अगदी सहज. कॉलेजात अजून हा किस्सा सांगतात म्हणे, आणि हसतात. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी विचारलं, "डबा घेतला का?"

काल दुपारी जरा डोळा लागला. तेच धुकं, ओल्या सारवणाचा वास. तुम्ही पाठमोरे वाकून चुन्याची रेघ ओढत होतात. मी हाका मारल्या. वळा ना, सर! तुम्ही रेघ ओढत ओढत धुक्यात गेलात, आणि मला ती रेघ ओलांडता येईना. जागी झाले तेव्हा उशी ओली होती.

शनिवारी कॉलेजात तुमची शोकसभा आहे. तेव्हाचे प्राचार्य येणार आहेत. आताच्या टीमला पुढच्या रांगेत बसवणार आहेत, म्हणजे ऋतुजाही समोरच असेल. सर, मी शब्द देते. ते दोन दिवस मी मागितले होते आणि दोष मी तुमच्यावर ढकलला, हे मी तिच्या डोळ्यांत बघून सांगणार आहे. नंतर ती मला आई म्हणून काय बोलायचं ते बोलो.

माफी मात्र या पत्रात मागत नाही. इथे तुम्ही लगेच "जाऊ दे वं" म्हणून मोकळे व्हाल.

तुमची,
सुनंदा