सातव्या खांबाचा आकडा

३ जानेवारी
आज रुजू झालो. धक्क्यामागची खोली लहान पण हवेशीर आहे. दोन्ही खिडक्यांतून पाणी दिसतं, म्हणून ही खूश. देवाची तसबीर आधी लावली, मग ट्रंका उघडल्या. काम मनासारखं आहे. बोटी जिथं लागतात त्या धक्क्याचे बारा पोलादी खांब पाण्याखाली किती वेगानं गंजताहेत, ते मोजायचं. खांबांना जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात पोलादाऐवजी ते झिजतात आणि पोलाद वाचतं. निमूटपणे दुसऱ्यासाठी झिजणारा धातू. मला त्याचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

६ जानेवारी
खांबाला चिमट्यानं तार जोडायची, चांदीच्या तारेची नळी शेजारी पाण्यात सोडायची आणि दोहोंमधला विद्युतदाब वाचायचा. उणे हजार मिलिव्होल्ट आले तर जस्त जागेवर आहे. उणे सहाशे आले तर पोलाद उघडं पडलं आहे. मग दाब किंचित बदलून किती प्रवाह वाहतो ते पाहायचं. त्यावरून वर्षाला किती मिलिमीटर झीज होईल ते निघतं.

सुरुवातीला प्रत्येक खांबाला हात लावून नमस्कार करतो, वडील अवजारांना करायचे तसा. खांबांची पाहणी करणारा पाणबुड्या हसून म्हणाला, काका, देवाच्या वाटणीचे नमस्कार तरी शिल्लक ठेवा. सातव्या खांबाचा आकडा थरथरत होता. उघडा हात खांबावर टेकवून चिमटा दाबून धरला, तेव्हा स्थिरावला. उणे एक हजार दहा. तोच वहीत लिहिला.

२२ जानेवारी
हल्ली फार थकायला होतं. पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागतं. वयाचं असेल. सातवा रोज हात धरल्यावरच स्थिरावतो. आकडा मात्र बाराही खांबांत उत्तम. साहेब म्हणाले, बुवा, तुमच्या खांबाला काही धाड भरत नाही. यंदा त्याला नवं जस्त नको.

३१ जानेवारी
अंगठी बोटातून गळून पडली. हिनं आतून दोरा गुंडाळून दिला आणि विचारलं की दुपारचा डबा मी खातो की माशांना घालतो. खातो. पुसून खातो. उजव्या तळव्यावर पांढरी भुकटी धरते. धुतली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

९ फेब्रुवारी
पाणबुड्या आज खाली जाऊन आला. बाकीचे खांब ठीक. सातव्यावर जस्त नाहीच, कित्येक वर्षांपासून नसावं. नुसते बोल्ट आहेत आणि त्यांना काहीतरी पांढरं, भुसभुशीत चिकटलेलं, पंजाच्या आकाराचं. या वेळी तो हसला नाही. माझ्या आधीचे गृहस्थही सातव्याला हात लावून उभे राहायचे, म्हणाला. वाळत गेले. एक दिवस त्यांच्या चपला आणि चष्मा खांबापाशी सापडले, ते नाहीत.

मग हिशेब मांडला. एवढा खांब राखायला साधारण चार अँपिअर लागतात. त्यात दिवसाला एकशेतीस ग्रॅम जस्त झिजतं. चौतीस दिवसांचे चार किलो चारशे वीस. मालाच्या काट्यावर उभा राहिलो. रुजू होतानाचं वजन त्रेसष्ट. आजचं साडेअठ्ठावन्न.

१३ फेब्रुवारी
तीन दिवस अंथरुणातच काढले. आज गेलो, हात लावला नाही. उणे सहाशे वीस. झिजेचा वेग मापात मावेना. जिन्याजवळ खांबाचा पत्र्यासारखा पापुद्रा सुटून आला. आतलं पोलाद बोटानं दबतं.

साहेबांना सांगितलं, धक्का बंद करा. त्यांनी माझीच वही पुढे केली. सगळे आकडे उत्तम, अक्षर माझं. एक वाईट निघाला तर चिमटा घासा, म्हणाले.

खोटं नव्हतं लिहिलं. पण तो आकडा खांबाचा नव्हता, माझा होता.

१४ फेब्रुवारी
ही म्हणते, आजच्या आज निघू. सामान बांधलंय तिनं. मी म्हटलं, पदरच्या पैशानं मागवलेलं जस्त सोमवारी येतंय, तोवर बोटी—

ती एवढंच म्हणाली, "अहो, मला माणूस हवाय."



१५ फेब्रुवारी
सकाळी हात टेकवला. उणे नऊशे. आठशे. जुना जोर उरला नाही माझ्यात. दोन्ही हात लावले तेव्हा हजार—

करंगळी दिसत नाही. दुखत नाही. नुसती भुकटी.

१६ फेब्रुवारी, दुपार
डाव्या हातानं लिहितोय. उजवा निघत नाही, की मीच काढत नाही— कळेना. मोठी बोट लागलीय. वर माणसं. पावलं ऐकू येताहेत, लहान मुलांची, काठी टेकणाऱ्या कुणाची. खांब करकरतो. ही जिन्यावर उभी आहे, हाका मारतेय. देवा, तिला खाली येऊ देऊ—

अर्धी उतरली असतील. आकडा घसरतोय. कोपरापर्यंत पांढरं—

जरा वेळ. शेवटचा माणूस उतरला की लगेच हात का